भर दुपारी आईला दिसलेलं

आमच्या घरात स्वप्न सांगायला बंदी होती.

बाबा मंगरूळपीरला एका छापखान्यात कामाला आहेत. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शिकवणीच्या जाहिराती, येईल ते तिथे छापतात. शाई फिकी लागली किंवा कागद तिरका गेला की ते पत्रक रद्दीत जातं, आणि ती रद्दी आमच्या घरी येते. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर आणि गणितं केली ती त्यांच्या कोऱ्या बाजूवर. भाकरीच्या टोपल्यात खाली पत्रक, फडताळात पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक. त्यातली निवडक बाबा भिंतीला चिकटवत. ‘जागे व्हा!’ ‘प्रश्न विचारा!’ ‘प्रयोग करून पाहा, मगच माना!’ आणि ‘देवीच्या या पत्रकाच्या हजार प्रती वाटा, नाहीतर घरावर संकट येईल’ असली पत्रकं थेट चुलीत जात. ती छापायला मालकाला नाही म्हणणं बाबांच्या हातात नव्हतं. जाळणं हातात होतं. जाळण्याआधी ते ती मोठ्यानं वाचत आणि ओळीओळीला हसत.

स्वप्नाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. “सपन सांगितलं का अर्थ सांगणारा येते. अर्थ सांगणारा आला का त्याची दक्षिणा येते.” म्हणून सकाळी कोणी ‘मले सपन पडलं’ असं सुरू केलं, की बाबा एवढंच म्हणत, “तोंड धू.” आमच्या वस्तीत ती म्हणच झाली होती. कोणी वेड्यासारखं बोललं, की बाया म्हणायच्या, “जाय, तोंड धू.”

अशा घरातली मी कॉलेजसाठी वाशिमला गेले आणि नेमक्या नको त्या गोष्टींच्या प्रेमात पडले. ज्या कथांत माणूस झोपेतून उठतो आणि स्वप्नातला चिखल त्याच्या पायाला असतो, अशा कथा. आमचे एक सर सांगायचे, अशा कथेत वाचकाला उंबऱ्यावर उभं ठेवायचं. ते स्वप्न होतं असं सांगितलं, की कथा मेली. ते खरंच घडलं असं सांगितलं, तरी मेली. मला हे फार पटलं. कोणीतरी एकदाचं ‘माहीत नाही’ म्हणायची मोकळीक देत होतं. आमच्या भिंतींवर सगळ्या वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्हं होती.

मी तशी एक कथा लिहिली. एका बाईला स्वप्नात कोणी बांगड्या भरतं, आणि सकाळी तिच्या मोकळ्या मनगटावर वळ असतो. एका मासिकानं ती घेतली. संपादकांचा फोन आला, “शेवटपर्यंत कळत नाही, हीच गंमत आहे.” बाबांनी कथा दोनदा वाचली आणि विचारलं, “म्हंजे सपन होतं का खरं होतं?”

“ते वाचकानं ठरवायचं.”

“वाचकाले काहून कामाले लावते? तुले माहीत नाही तं लिहू नको. माहीत हाय तं सांगून टाक.”

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “पण बांगड्या कोणत्या होत्या? हिरव्या का?” मी म्हटलं, हिरव्या. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

त्याच उन्हाळ्यात आई धनजच्या एका लग्नाला गेली आणि भरलेल्या जीपमधून ऊन घेऊन परत आली. अंग नुसतं पेटलेलं. दारात वारा येतो म्हणून मी तिला उंबऱ्याशी सतरंजीवर झोपवलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, आणि आत पन्ह्याला कैरी उकडायला ठेवली. आमच्या दारासमोर गायरानाचा उघडा तुकडा आहे. त्याच्या पलीकडे गाव, अलीकडे आमची बौद्धांची वस्ती. मधोमध एक बाभूळ. भर दुपारी तिथे कुत्रंही फिरकत नाही.

आईच्या ओरडण्यानं मी धावत बाहेर आले. ती उठून बसली होती आणि रडत होती.

“कोणं तरी लेकरू पुरलं व.”

“कुठं?”

“थे काय, बाभळीपाशी. पांढऱ्या फडक्यात होतं. तो माणूसही सारा पांढराच होता. खाली ठेवलं त्यानं, मंग माती लोटली. रडत होता व तो.”

बाभळीखाली कोणी नव्हतं. नुसतं ऊन हलत होतं. बाबांना त्या दिवशी सुट्टी होती. ते आतून आले, त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “ताप डोक्यात गेला तुह्या. तोंड धू.” मी पाणी आणलं. आईनं तोंड धुतलं. थोडं हसलीसुद्धा. भर उन्हात तेवढ्यासाठी बाभळीपर्यंत जाऊन बघावं, असं कोणालाच वाटलं नाही. ज्या घरात ‘प्रयोग करून पाहा’ भिंतीवर लावलेलं होतं, त्या घरात.

पेरण्या आटोपल्या आणि गावात बातमी उठली, की चक्कीवाल्या भाऊंना दृष्टांत झाला.

चक्कीवाले भाऊ म्हणजे गावची पिठाची चक्की चालवणारे. साठीच्या आतबाहेरचे. त्यांना आणि त्यांच्या बायकोला मूल नाही. कधी कोणाशी भांडण नाही, आमच्या वस्तीचा डबा रांगेत मागे सारणं नाही. दिवसभर पिठात असल्यानं भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे. ते चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “जेवलो अन् जरा लवंडलो. दुपारची येळ. डोळा लागला. तं देवी पुढं उभी. म्हणे, मी बाभळीखाली हाय, मले वर काढ.”

देव स्वप्नात येऊन जागा सांगतो त्याला दृष्टांत म्हणतात. दृष्टांत झाला की उकरायचं, आणि उकरलं की काहीतरी निघतंच. निघालं की शेंदूर, शेंदूर लागला की ओटा, ओट्यावर टिनाचं छप्पर. मग ती जागा कोणी मागू शकत नाही.

आणि ती जागा आमची ठरलेली होती. ग्रामसभेनं तिथे अभ्यासिका बांधायचं मंजूर केलं होतं. एक खोली, लाईट, पंखा, बसायला बाक. वस्तीतल्या आणि गावातल्याही पोरी भरतीच्या परीक्षांचा अभ्यास घरात करतात, म्हणजे चुलीजवळ, टीव्हीच्या आवाजात, लेकरं सांभाळत. वाशिमला खोली करून राहायला सगळ्यांना घरून सोडत नाहीत. मी गेले, कारण माझे बाबा तसे आहेत. माझी चुलतबहीण बारावीला माझ्यापेक्षा हुशार होती आणि आज ती घरीच आहे. त्या खोलीसाठी बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेली पुस्तकं आणि पत्रकं पोत्यांत बांधून ठेवली होती.

उकरलं त्या दिवशी सगळं गाव बाभळीखाली होतं. आई आमच्या दारात उभी होती. दगड वर आला तेव्हा जयजयकार झाला. चक्कीवाल्या भाऊंनी तो दोन्ही हातांवर घेतला, छातीशी, आंघोळ घातलेलं मूल घेतात तसा. आई उंबऱ्यावर मटकन बसली.

“तेच होय,” ती म्हणाली. “तेच होय व. लेकरू नव्हतं ते.”

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं, त्याची मला आजही मौज वाटते आणि रागही येतो. स्वप्न म्हणून जे आम्ही धुऊन टाकलं होतं, ते आता आम्हाला खरं हवं होतं. बाबा खोलीत येरझारा घालत होते. “साक्षीदार हाय आपल्या घरात! त्यानं आधी ठेवला, मंग काढला! ग्रामसभेत उभं राह्यचं अन् सांगायचं, मी या डोयानं पाह्यलं.”

“पण मी पाह्यलं का?” आई म्हणाली.

“तूच तं सांगितलं!”

“सांगितलं. मंग तुमी म्हणले तोंड धू. मी धुतलं.” ती पिठाच्या परातीत बघत होती. “तवा मले वाटत होतं जागी हाय. तुमी म्हणले ताप हाय, तं वाटलं सपन असंल. आता तुमी म्हणता खरं. मी कायले बदलू रोज?”

मी तिला समजावायला बसले. तुझा ताप, तुझी वेळ, त्यांची वेळ, सगळं जुळतं. दगड तेवढाच आहे. पांढरा माणूस म्हणजे पीठ. याहून जास्त काय हवं? आईनं ऐकून घेतलं.

“तुह्या गोष्टीत तं वाचकानं ठरवायचं होतं ना? मंग ठरवू दे गावाले.”

“ती गोष्ट होती, माय. ही जागा हाय.”

“हो. पण डोये तं माहेच हायेत ना दोन्हीकडं.”

मग मला पत्रक आठवलं. प्रयोग. दुसऱ्या दुपारी मी आईला तिथेच, उंबऱ्याशी, त्याच सतरंजीवर झोपवलं. वरवंटा बाबांच्या जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळला. तो दोन्ही हातांवर घेऊन मी गायरान ओलांडलं. पावसानं दडी मारली होती, चपलेतून चटके बसत होते. बाभळीजवळ आता शेंदूर लावलेला दगड आणि नारळाच्या करवंट्या होत्या. मी त्याच्या अलीकडे बसले, वरवंटा खाली ठेवला, माती लोटल्यासारखं केलं, आणि मागे वळून दाराकडे बघितलं. दारात एक लुगडं दिसत होतं. बस.

परत आल्या आल्या मी विचारलं, “दिसलं? असंच होतं?”

“तू दिसली. गेली, बसली, उठली.”

“मंग?”

“तुहं तोंड नाही दिसलं.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “त्यायचं दिसलं होतं, तवा वळखू आलं नाही तरी. डोयातून पाणी आलं तं पिठात दोन रेघा पडल्या होत्या. त्या रेघा मले अजून दिसतेत. इथून कशा दिसतीन?”

पत्रकांत असं कधी लिहिलेलं नसतं, की प्रयोग केला आणि तो आपल्यावरच उलटला. खूप वेळानं मी म्हटलं, “रेघांचं सांगू नको सभेत. बाकीचं सांग.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी वरवंटा घेऊन आत गेले.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सरपंचबाई खुर्चीवर होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान बोलत होते. अभ्यासिका दुसरीकडे घेता येईल, देवीची जागा बदलता येत नाही, असं ते म्हणाले. बाबा उठले, गरजले, भिंतीवरची सगळी वाक्यं बोलले. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, खऱ्या की खोट्या ते कळलं नाही. मग आई उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, जो ती एरवी घेत नाही.

“मले सपनात दिसलं,” ती म्हणाली.

मागून एक आवाज आला, “काकू, तुमच्या घरी तं सपनाले बंदी हाय ना?” सगळे हसले.

“सांगाले बंदी हाय, बाप्पा. पडाले कशी घालतीन?” आई म्हणाली, आणि तिनं तेही हसणं संपू दिलं. मग तिनं सगळं सांगितलं. ताप, उंबरा, पांढरं फडकं, माती. रेघासुद्धा. सरपंचबाईंचे यजमान हात झटकून म्हणाले, “मंग हे तं सपनच झालं. एवढ्या दुरून रेघा दिसतेत का?”

“नाही दिसत. पोरीनं पाहून घेतलं. सपन असंल.” आई चक्कीवाल्या भाऊंकडे वळली. ते खांबाला टेकून बसले होते. “भाऊले सपन पडलं, का देवी म्हणते मी इथं हाय. मले पडलं, का भाऊ तिले घेऊन येऊन राह्यले. दोघायचंही दुपारचंच. आता कोणाचं धरता अन् कोणाचं सोडता, तुमी पाहा.”

भाऊंनी मान खाली घातली होती. शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला.

घरी येताना मी आईशी भांडले. ‘पाह्यलं’ हा एक शब्द तुला बोलता येत नव्हता? पोरींच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ते लोक खोटं छातीठोकपणे बोलतात आणि आपण खरंसुद्धा चाचरत बोलतो, म्हणून तर दरवेळी आपण हरतो. हे मी ओरडून बोलले आणि यातला शब्दन् शब्द मला आजही खरा वाटतो. आई चालत राहिली. बाबा मागे राहिले होते.

दोन-चार दिवसांनी भाऊ आमच्या दारात आले. हातात आमचाच पिठाचा डबा होता. ते कधी कोणाच्या घरी डबा पोचवत नाहीत. आम्ही त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, “वैनी, मी रडत होतो?”

“हो.”

“कशापायी?”

“ते मले कसं माहीत असंल, भाऊ?”

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “देवी दिसली तवा मी रडलो. हे मी कोणालेच सांगितलं नाही. घरातही नाही. उठलो तं तोंडावरचं पीठ ओलं होतं.” मग हळू आवाजात, “मी दुपारी झोपतो तं कधी कधी दुसरीकडंच उठतो. एकदा ओसरीवर, एकदा चक्कीच्या मागं. बायको म्हणते, काय करता, कुठं जाता. मले काही याद नाही राहत. झोपेत उठतो तवा पायात काही नसते. वैनी, माह्या पायात चप्पल होती का?”

मी आईच्या मागे उभी होते. हो म्हण, नाही म्हण, काहीही म्हण, असं मला ओरडावंसं वाटत होतं. हा माणूस तिच्या एका शब्दावर उभा होता. त्या शब्दावर त्यानं उद्या गावापुढे जाऊन सांगितलं असतं, की मीच ठेवला.

“पायाकडं ध्यान नव्हतं माहं,” आई म्हणाली.

भाऊंनी रिकामा पेला खाली ठेवला. “मंग मी सभेत काय सांगू?”

“जेवढं माहीत हाय तेवढं सांगा.”

आणि त्यांनी तेवढंच सांगितलं. पुढच्या सभेत ते उठले. दगड देवीनं दाखवला का मीच नेऊन ठेवला, हे मला सांगता येत नाही, म्हणून जागा पोरींना द्या, असं म्हणाले. व्हरांडा एकदम उसळला. ओट्याची वर्गणी घेणारी पोरं त्यांना खाली बसवायला धावली. सरपंचबाईंचे यजमान मोठ्या मायेनं म्हणाले, “भाऊ, तुमाले ठेवल्याचं सपन पडलं असंल. तब्येत पाहा. तोंड धुवा जरा.”

आमचीच म्हण. आमच्या घरातून निघून गावभर फिरून ती शेवटी त्या माणसावर येऊन पडली. बाबा तिथे बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

उंबऱ्यावर उभं राहण्यात कथेत जी मजा आहे, ती तिथल्या उंबऱ्यामागे कोणाचं घर नसतं म्हणून आहे. इथे शंका सगळ्यांच्याच मनात होती, पण तिचा फायदा कोणाला मिळाला? ज्यांच्याकडे टिन, पाईप आणि माणसं होती, त्यांना. ओटा झाला, चार खांबांवर टिन चढलं, बल्बही लागला. अभ्यासिकेचा विषय अजून कागदावर आहे. भाऊ आरतीला जात नाहीत. दुपारी झोपत नाहीत, चक्की चालू ठेवतात, डबा नसला तरी.

या सगळ्यानंतर, एका दुपारी, आईनंच माझ्या चुलतबहिणीला सांगितलं, “जाय, त्या टिनाखाली बस पुस्तक घेऊन. दुपारी तिथं कोणी येत नाही.” बाबा भडकले, “त्यायच्या टिनाखाली?” आई म्हणाली, “त्यायचं काहून? ठराव तं पोरीयच्या नावानं हाय.” आता तिथे सात-आठ जणी बसतात, गावातल्याही. एकदा कोणीतरी हाकलायला आलं होतं. त्याचीच भाची तिथे बसलेली निघाली, म्हणून तो नारळ ठेवून परत गेला. उद्या काय होईल सांगता येत नाही. मी बाबांचं एक पोतं तिकडे नेलं आहे. संध्याकाळी ते परत आणावं लागतं.

मीही तिथे लिहायला बसते. मासिकात माझी बांगड्यांची कथा छापून आली, पण मी ती पुन्हा वाचलेली नाही. बसल्या जागेवरून आमचं दार समोर आहे. आई दारात असली तर लुगड्याचा रंग दिसतो, चेहरा दिसत नाही. हे मी पुन्हा पुन्हा बघून घेतलं आहे. मागच्या आठवड्यात मात्र दिसला. उंबऱ्यावर बसून ती माझ्याकडे बघत होती, अगदी जवळून दिसावी तशी, आणि काहीतरी बोलत होती. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मी वही मिटून तशीच घराकडे चालत आले. दारात कोणी नव्हतं.

आई मागच्या अंगणात भांडी घासत होती.

“आता दारात बसली होती का तू?”

“नाही व. मी कवाची इथंच हाव.” तिनं राखेचा हात थांबवला. “काहून? काय म्हणत होती मी?”

“ऐकू नाही आलं.”

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तोंड धू, असं काही ती म्हणाली नाही.